३३ विरुद्ध ३१ : अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघातील सत्तासंघर्ष आणि दिशेचा प्रश्न

३० ऑगस्ट २०२० रोजी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांमधील स्पर्धेत, भारत आणि रशिया यांना संयुक्त सुवर्णपदक जाहीर झाले. अंतिम लढतीत निहाल सरिन आणि दिव्या देशमुख यांचा इंटरनेट संपर्क तुटला होता. भारताने त्यावर दाद मागितली आणि निर्णय फिरला. कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता. घरात बसून, एकमेकांपासून शेकडो मैलांवर राहून खेळलेल्या या संघाची पदके रशियाहून निघाली ती डिसेंबरच्या सुरुवातीला हाती पडली, आणि तीही संघाचे उपकर्णधार, ग्रँडमास्टर श्रीनाथ नारायणन यांनी बंगळुरूच्या सीमाशुल्क खात्याचे ६,३०० रुपये भरल्यानंतर. ही गोष्ट त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितली. रक्कम मोठी नव्हती, पण देशासाठी मिळवलेल्या सुवर्णपदकाचा पाठपुरावा संघातल्याच एकाला करावा लागला, याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

त्या वर्षी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ दुभंगलेला होता. अध्यक्षांचा एक गट आणि सचिवांचा दुसरा, असे दोन गट स्वतःलाच खरा महासंघ म्हणवत होते आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात होते. या वादाकडे आजवर बहुधा व्यक्तींमधील संघर्ष म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत अभ्यासात मी त्याकडे वेगळ्या बाजूने पाहतो. महासंघाने पुढे कोणत्या दिशेने जावे, याविषयी खरेखुरे मतभेद तेथे होते. मात्र ते मतभेद म्हणून कधी मांडलेच गेले नाहीत. ते मतमोजणी, पदाची मुदत आणि न्यायालयीन अर्ज यांच्या भाषेत लढले गेले, आणि त्यामुळे दिशेचे बहुतेक निर्णय महासंघाबाहेरच्या लोकांनी घेतले.

महासंघाच्या हातात नेमके काय असते

१९५१ साली स्थापन झालेल्या या महासंघाचे सदस्य म्हणजे राज्य संघटना. निवडणुकीत प्रत्येक राज्याला दोन मते असतात. खेळाडू, प्रशिक्षक, पंच किंवा स्पर्धा भरवणारे खासगी आयोजक यांना स्वतःचे मत नसते. बाहेरून पाहणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटेल, पण पुढचे जवळजवळ सगळे तिच्यातूनच निघते.

कारण महासंघाची ताकद त्याच्या तिजोरीपेक्षा मान्यतेत आहे. एखाद्या गावात रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, ठरवणारी स्पर्धा भरवायची तर ती महासंघामार्फत फिडेकडे नोंदवावी लागते. खेळाडूला आंतरराष्ट्रीय रेटिंग हवे असेल तर त्याचे नाव महासंघाकडे नोंदलेले असावे लागते. राष्ट्रीय संघ महासंघ निवडतो, जागतिक वयोगट स्पर्धांच्या प्रवेशिका महासंघ पाठवतो आणि वर्षाचे वेळापत्रकही तोच ठरवतो. दहा वर्षांच्या मुलीला तिचे पहिले रेटिंग मिळते तेव्हा तिच्या आईवडिलांना महासंघ म्हणजे एक नोंदणी क्रमांक आणि एक शुल्क एवढेच दिसते. पण त्या क्रमांकाशिवाय तिने जिंकलेला डाव कोठेच मोजला जात नाही.

ही ताकद कशी वापरली जाऊ शकते याचा धडा वादाच्या आधीच मिळालेला होता. महासंघाची मान्यता नसलेल्या दुसऱ्या एका संघटनेच्या स्पर्धेत खेळल्याबद्दल अनेक खेळाडूंवर बंदी घालण्यात आली आणि त्यांची रेटिंगही गेली. नोंदणी करताना खेळाडूंकडून अमान्य स्पर्धांत भाग घेणार नाही असे लिहून घेतले जात असे. काही खेळाडू दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेथून प्रकरण भारतीय स्पर्धा आयोगाकडे आले. व्यापारातील मक्तेदारीवर लक्ष ठेवणारा हा आयोग. नावातल्या ‘स्पर्धा’ या शब्दाचा खेळाशी संबंध नाही. जुलै २०१८ मध्ये आयोगाने महासंघाने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याचा निष्कर्ष काढला आणि ६.९२ लाख रुपयांचा दंड ठोठावला. मला या निर्णयात दंडापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘महासंघाबाहेर कोणी स्पर्धा भरवावी काय, आणि भरवली तर खेळाडूने तेथे खेळावे काय’ हा शुद्ध धोरणाचा प्रश्न होता. त्यावर महासंघाच्या सर्वसाधारण सभेत चर्चा होऊन नियम बदलायला हवा होता. प्रत्यक्षात खेळाडूंना न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि उत्तर बाजारपेठेचे नियमन करणाऱ्या संस्थेने दिले.

याला आपल्याकडे जुनी परंपराही आहे. १९७६ मध्ये मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरल्या तेव्हा असेच झाले होते. त्यावरून उठलेले वादळ फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी महिलांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांपासून रोखता येणार नाही असा निर्वाळा दिल्यावरच शमले.

दोन बाजू, दोन चित्रे

तेव्हाचे अध्यक्ष पी. आर. वेंकटरामा राजा हे रामको समूहाचे उद्योगपती आणि त्यांच्या बाजूचा पाया चेन्नईत होता. तेव्हाचे सचिव भरतसिंह चौहान हे दिल्लीचे, स्पर्धा संयोजनातून वर आलेले. दोघांनीही आपले धोरण लेखी आराखड्याच्या स्वरूपात मतदारांपुढे ठेवून त्यावर मते मागितली असे दिसत नाही. तरीही दोन्ही शहरांनी उभ्या केलेल्या कामाकडे पाहिले की दोन वेगळी चित्रे दिसतात. ही मांडणी माझी आहे आणि ती ढोबळ आहे, हे आधीच नमूद करतो.

दिल्लीचे चित्र म्हणजे भव्य खुली स्पर्धा. २००३ पासून दिल्लीत आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर खुली स्पर्धा होत आली आहे आणि तिच्याबरोबर रेटिंगनुसार खालचे गटही वाढत गेले. अशा स्पर्धेच्या सभागृहात शेकडो पट एका ओळीत मांडलेले असतात, दाराबाहेर पालक डबे घेऊन बसलेले असतात आणि फेरीची जोडी मोबाइलवर आली की सगळी गर्दी एकदम हलते. या पद्धतीचे अर्थकारण साधे आहे. हजारो खेळाडूंचे प्रवेश शुल्क जमते, त्यातून बक्षिसे, पंचांचे मानधन आणि सभागृहाचे भाडे निघते, आणि कोणा एका प्रायोजकाच्या मर्जीवर स्पर्धा अवलंबून राहत नाही. लहान गावातल्या मुलाला रेटिंगचा दरवाजा उघडला तो अशा स्पर्धांनी, याबद्दल मला शंका नाही.

चेन्नईचे चित्र वेगळे आहे. तेथे शाळा, उद्योग आणि राज्य सरकार बुद्धिबळाच्या मागे उभे राहिले. नोव्हेंबर २०१३ मध्ये विश्वनाथन आनंद आणि मॅग्नस कार्लसन यांच्यातील विश्वविजेतेपदाची लढत चेन्नईत झाली ती राज्य सरकारच्या पाठबळावर. येथे भर आहे तो थोड्या, पण मोठ्या प्रसंगांवर आणि वरच्या पायरीवरच्या खेळाडूवर.

आता या दोन चित्रांमधला खरा ताण कोठे आहे ते जवळून पाहण्यासारखे आहे. ग्रँडमास्टर होण्यासाठी तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धांमधल्या ठरावीक दर्जाच्या तीन कामगिऱ्या, आणि २५०० रेटिंग लागते. नॉर्मसाठी साधारणपणे नऊ डावांत २६०० च्या तोडीची कामगिरी लागते, आणि प्रतिस्पर्ध्यांमध्ये किताबधारक व परदेशी खेळाडू पुरेशा संख्येने असावे लागतात. आता २४५० रेटिंगचा एक तरुण भारतीय आंतरराष्ट्रीय मास्टर घ्या. देशातल्या मोठ्या खुल्या स्पर्धेत पहिल्या काही फेऱ्यांत त्याच्या समोर १८०० किंवा १९०० रेटिंगची बारा-तेरा वर्षांची मुले येतात. ती मुले प्रत्यक्षात त्या आकड्यापेक्षा कितीतरी चांगली खेळतात, कारण त्यांची प्रगती रेटिंगच्या पुढे धावत असते. त्याने बरोबरी केली तरी रेटिंगचे गुण जातात आणि जिंकला तरी फारसे मिळत नाही. म्हणून तो स्पेन किंवा सर्बियाचे तिकीट काढतो, आणि खर्च घरचे सोसतात. ज्या खुल्या स्पर्धांनी तळाच्या मुलाला वर आणले त्याच स्पर्धा वरच्या पायरीवरच्या खेळाडूला बाहेर ढकलतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

यावर उपाय आहेत. देशातच दहा खेळाडूंच्या बंदिस्त नॉर्म स्पर्धा भरवता येतात, परदेशी खेळाडूंना आमंत्रणे देता येतात आणि खुल्या स्पर्धांच्या उत्पन्नातून त्यांचा खर्च भागवता येतो. म्हणजे दिल्लीच्या पैशातून चेन्नईची गरज पुरवता येते. किती, कोणाकडून आणि कोणासाठी, हे ठरवणे म्हणजेच महासंघाची दिशा ठरवणे. पण सर्वसाधारण सभेत हा हिशेब मांडायचा तर राज्य संघटनांना आपल्या स्पर्धांच्या उत्पन्नातला वाटा सोडण्याविषयी बोलावे लागते, आणि मते त्यांच्याच हातात असतात. दोन्ही गटांनी हा विषय टाळला याचे कारण मला येथेच दिसते.

निवडणूक आणि त्यानंतर

दुभंग जसा वाढला तसा त्याचा खर्च वाढायला हवा होता. पण मार्च २०२० पासून पटावरच्या स्पर्धाच बंद पडल्या आणि हा खर्च झाकला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये सिक्कीममधील माजितार येथे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, त्यानंतरची थेट २०२२ मध्ये कानपूरला. मधल्या काळात महासाथ किती जबाबदार आणि भांडण किती, हे वेगळे काढता येत नाही, आणि तसे काढल्याचा दावा करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये असे मला वाटते.

याच काळात खेळ मात्र थांबला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये आनंद यांनी वेस्टब्रिज कॅपिटलच्या साहाय्याने स्वतःची प्रबोधिनी सुरू केली. गुकेश, प्रज्ञानंद, वैशाली, निहाल आणि रौनक साधवानी ही नावे तेथे एकत्र आली. देशातल्या सर्वोत्तम मुलांना दीर्घकाळ, एका छत्राखाली प्रशिक्षण देणे हे राष्ट्रीय महासंघाचे काम मानले जाते. महासंघाचे दोन गट वकिलांमार्फत बोलत असताना ते काम एका माजी विश्वविजेत्याने आणि एका गुंतवणूक कंपनीने हाती घेतले.

४ जानेवारी २०२१ रोजी निवडणूक ऑनलाइन झाली. उत्तर प्रदेशचे संजय कपूर यांनी राजा यांचा ३३ विरुद्ध ३१ मतांनी पराभव केला. सचिवपदासाठी चौहान यांनी महाराष्ट्राचे रवींद्र डोंगरे यांना ३५ विरुद्ध २९ मतांनी हरवले. हे आकडे नीट पाहिले तर दिसते की एका राज्याची दोन मते दुसरीकडे गेली असती तर अध्यक्षपद ज्यांनी गमावले त्यांनीच जिंकले असते. इतक्या काठावरचा निकाल आल्यावर शहाणी संस्था पराभूत बाजूला एखादी समिती, एखादे खाते, वेळापत्रक ठरवण्यात काही वाटा देते. तसे काही झाल्याचे दिसत नाही. निम्म्याच्या जवळपास मते बाहेर उभी राहिली, आणि बाहेर उभ्या राहिलेल्यांकडे एकच मार्ग उरला.

डोंगरे यांनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. चौहान यांची निवड २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेला धरून नाही, असा मुद्दा होता. या संहितेने पदाधिकाऱ्यांच्या मुदतीवर मर्यादा घातल्या आहेत आणि देशातल्या जवळजवळ प्रत्येक क्रीडा महासंघाचे भांडण आज ना उद्या तिच्यापाशी येऊन ठेपते. जून २०२२ मध्ये न्यायालयाने चौहान यांच्या विरोधात निर्णय दिला.

हा निर्णय आला तेव्हा दिवस कोणते होते ते लक्षात घ्यायला हवे. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर मॉस्कोकडून ४४ वे ऑलिम्पियाड काढून घेण्यात आले आणि मार्च २०२२ मध्ये ते चेन्नईला देण्यात आले. २८ जुलैला स्पर्धा सुरू व्हायची होती. एरवी ज्या तयारीला दोन वर्षे लागतात ती चार महिन्यांत करायची होती, आणि स्पर्धेचे संचालक चौहानच होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. स्पर्धेच्या तोंडावर अडथळा नको म्हणून न्यायालयाने त्यांना १५ ऑगस्टपर्यंत काम पाहण्याची मुभा दिली.

ऑलिम्पियाड मामल्लपुरम येथे उत्तम पार पडले. तामिळनाडू सरकारने पैसा, माणसे आणि वाहतूक यांत हात आखडता घेतला नाही. खुल्या गटात भारताचा ‘ब’ संघ आणि महिलांमध्ये ‘अ’ संघ कांस्यपदकाचे मानकरी ठरले, आणि त्याच दिवसांत आनंद फिडेचे उपाध्यक्ष झाले. चौहान यांच्या संयोजनकौशल्याविषयी त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही असा हा पुरावा होता, आणि डोंगरे यांचा कायदेशीर मुद्दाही तेवढाच ग्राह्य होता. मला या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत दुःखद गोष्ट हीच वाटते. संस्थेला दोन्हींची गरज होती: चार महिन्यांत जागतिक स्पर्धा उभी करू शकणाऱ्या माणसाची, आणि नियम सर्वांना सारखा लागू झाला पाहिजे असे सांगणाऱ्याची. पंधरा ऑगस्टनंतर हंगामी सचिव आले, आणि महासंघ पुढच्या निवडणुकीपर्यंत तात्पुरत्या व्यवस्थेवर चालत राहिला.

पोकळी कोणी भरली

डिसेंबर २०२३ मधला प्रसंग या पोकळीचे चित्र देतो. फिडे सर्किटमधून, म्हणजे वर्षभरातल्या स्पर्धांच्या गुणतालिकेतून, विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत प्रवेश मिळवण्याची गुकेशची संधी वर्षअखेरीस निसटत चालली होती. तेव्हा तामिळनाडू राज्याच्या पाठबळावर अगदी थोड्या दिवसांत चेन्नई ग्रँडमास्टर्स ही आठ खेळाडूंची तगडी स्पर्धा उभी राहिली. गुकेशने ती जिंकली, एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला कँडिडेट्स जिंकली, आणि १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरमध्ये डिंग लिरेनला हरवून अठराव्या वर्षी तो विश्वविजेता झाला. ती स्पर्धा भरवली नसती तर काय झाले असते हे सांगता येत नाही. पण राष्ट्रीय खेळाडूसाठी धावून जाण्याची वेळ आली तेव्हा धावून गेले ते एक राज्य, हे मात्र स्पष्ट आहे. ज्या राज्यात असे सरकार नाही तेथल्या गुकेशने काय करायचे, हा प्रश्न महासंघासाठीच उरतो.

मार्च २०२४ मध्ये हरियाणाचे नितीन नारंग बिनविरोध अध्यक्ष झाले, गुजरातचे देव पटेल सचिव झाले. काही महिन्यांत ६५ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प जाहीर झाला, खेळाडूंना आर्थिक आधार देण्याच्या योजना आल्या, महासंघाचे स्वतःचे रेटिंग सुरू करण्याची घोषणा झाली. दिशेबद्दल लेखी काही सांगितले गेले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टला खुला आणि महिला या दोन्ही गटांत भारताने सुवर्णपदक मिळवले. महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते. या यशाचे श्रेय नव्या मंडळाला किंवा जुन्या मंडळाला देण्याचा मोह टाळलेला बरा, कारण ही मुले घडली ती त्या सर्व वर्षांत, जेव्हा कोणाचे मंडळ खरे हेच ठरत नव्हते.

जुनी फट बुजली नव्हती, हे त्याच उन्हाळ्यात दिसले. गुकेश आणि डिंग यांच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीसाठी फिडेकडे तीन प्रस्ताव आले: एक सिंगापूरचा, एक दिल्लीसाठी अखिल भारतीय महासंघाचा आणि एक चेन्नईसाठी तामिळनाडू सरकारचा. एकाच देशाकडून दोन प्रस्ताव, आणि भारतीय आव्हानवीर असतानाही लढत सिंगापूरला गेली. सिंगापूरच्या निवडीमागे फिडेची स्वतःची कारणे असतील. पण दिल्ली आणि चेन्नई एका टेबलापाशी बसून एकच प्रस्ताव करू शकली नाहीत, ही २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुभंगाची पुढची पायरी मानावी लागते.

दरम्यान, खुल्या स्पर्धा आणि घसरलेले रेटिंग हा मूळ प्रश्नसुद्धा बाहेरच हाताळला गेला. १ मार्च २०२४ पासून फिडेने रेटिंगची किमान पातळी १४०० केली आणि २००० च्या खालच्या खेळाडूंचे रेटिंग एका सूत्राने वर उचलले: २००० पासून जेवढे अंतर, त्याच्या ४० टक्के वाढ. १५०० चा खेळाडू एका रात्रीत १७०० झाला. खऱ्या ताकदीपेक्षा कमी आकडा घेऊन फिरणाऱ्या मुलांमुळे होणारी घसरण त्याने काही काळ थोपवली. ज्या देशात अशी मुले मोठ्या संख्येने आहेत त्या देशाच्या महासंघाने यावर अभ्यास करून स्वतःहून सूत्र सुचवायला हवे होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यानुसार महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त १५ सदस्य असतील, त्यांत किमान दोन नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला असाव्या लागतील, आणि वाद सोडवण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा लवाद असेल. त्याच्या आदल्याच महिन्यात नागपूरची दिव्या देशमुख बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली होती, म्हणजे खेळाडूंच्या जागांवर बसण्याजोगी नावे या देशात कमी नाहीत. त्या जागा राज्य संघटनांच्या मर्जीने भरल्या जाणार की खेळाडू स्वतः निवडणार, हे महासंघाच्या घटनेत कसे लिहिले जाते यावर बरेच अवलंबून आहे. आणि अशी कार्यकारिणी पहिल्यांदा भरेल तेव्हा तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर तीन विषय लेखी असावेत: खुल्या स्पर्धांच्या उत्पन्नातून देशात नॉर्म स्पर्धांसाठी किती वाटा द्यायचा, महासंघाबाहेरच्या आयोजकाला मान्यता कोणत्या अटींवर आणि किती दिवसांत मिळणार, आणि जागतिक स्पर्धेचा प्रस्ताव राज्य व महासंघ यांनी एकत्र कसा करायचा.